उन्हाळी पट्ट्यातलं हायड्रोपोनिक्स: आधी पाण्याचा आणि उन्हाचा हिशेब, मग सांगाडा

सोलापूर, धाराशिव, बीड, जत, अकोला या भागांत हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर पीक घेण्याचं, युनिट दिवाळीत उभं राहतं, थंडीत छान चालतं आणि मार्च उलटला की रोपं माना टाकायला लागतात. मग खत बदलून बघतात, बियाणं बदलतात, औषध मारतात. मूळ अडचण बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असते. पाइप, चॅनेल, टाक्या आधी येतात. पाणी किती खारट आहे, गारव्याला रोज किती लिटर लागेल, वीज गेली तर मुळं किती वेळ तग धरतील हे प्रश्न रोपं लावून झाल्यावर पुढे येतात, आणि तेव्हा त्यांची उत्तरं फार महाग पडतात.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. हिशेब दहा गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण १००० चौरस मीटरच्या, प्लास्टिक छपराच्या हरितगृहाचा धरला आहे. पण सुरुवात एक-दोन गुंठ्यांनी केलेली बरी. कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेत यातला गारव्याचा भाग लागू पडत नाही.

## टप्पा १: पाणी तपासा, तेही दोनदा

पहिली तपासणी पावसाळा संपल्यावर, दुसरी एप्रिल-मे महिन्यात बोअर खोल गेल्यावर. एकाच बोअरचं पाणी या दोन वेळी खूप वेगळं निघू शकतं, आणि तुमचं पीक अडचणीत येणार ते दुसऱ्या पाण्यावर. उन्हाळ्याचा अहवाल हाती नसेल तर तो येईपर्यंत थांबा.

नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि शक्य तर त्याच दिवशी पोहोचवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा द्राक्षपट्ट्यात देठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. नुसतं ‘टीडीएस’ (एकूण विरघळलेले क्षार) मागू नका. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाणी किती खारट ते; एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर), सामू (पीएच), बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराईड हे सात आकडे हवेत.

अहवाल असा वाचा:

- ईसी ०.५ च्या आत असेल तर उत्तम. १ पर्यंत काम निभतं. १.५ च्या पुढे गेल्यास तेच पाणी फिरवत राहणारी पद्धत वापरू नका. अहवालात ईसी ‘मायक्रो’ एककात असेल तर हजाराने भागा. ८५० म्हणजे ०.८५.
- सोडियम ५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि क्लोराईड ७० पीपीएमच्या आत हवं. पीक सोडियम फारसं उचलत नाही. पाणी उडून जातं, मीठ टाकीत राहतं आणि दर आठवड्याला वाढत जातं.
- बायकार्बोनेट आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरला हमखास जास्त असतं. ३०० पीपीएम दिसलं तर घाबरू नका, पण हा आकडा लिहून ठेवा. टप्पा ७ मध्ये सगळं त्यावरच आहे.

खारट पाण्याला आरओ हा एक उपाय, पण त्यात जवळपास अर्धं पाणी वाया जातं आणि ते आणखी खारट असतं. ते विहिरीच्या आसपास सोडणं म्हणजे स्वतःचाच झरा बिघडवणं.

त्यापेक्षा छपराचं पाणी साठवा. दहा गुंठ्यांच्या प्लास्टिक छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. गळती आणि पहिला गढूळ पाऊस सोडून दिला तरी ४ लाख लिटर हाती लागतं, आणि त्यात मीठ जवळजवळ नसतं. अस्तरीकरण केलेलं शेततळं झाकून ठेवा. उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं. २० बाय २० मीटरच्या तळ्यातून ते ३ ते ४ हजार लिटर भरतं.

तपासा: दोन्ही अहवाल हातात आहेत का? मे महिन्यात बोअर तासाला किती लिटर देतो हे टाकी भरून, घड्याळ लावून मोजलं आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गारव्याला किती पाणी लागेल ते काढा

आकडेमोड सर्वात जास्त चुकते ती इथे, म्हणून सावकाश वाचा.

फॅन-पॅड यंत्रणेत एका भिंतीला सतत ओला ठेवलेला पॅड असतो आणि समोरच्या भिंतीवरचे पंखे त्यातून हवा ओढतात. तत्त्व माठाचं आहे. पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंश दाखवेल. चांगला पॅड या १८ अंशांच्या फरकातला पाऊण ते ८० टक्के भाग मिळवून देतो, म्हणजे पॅडमधून आत येणारी हवा २८ अंशांच्या आसपास असते. पंख्यांपर्यंत जाताना ती आणखी ४-५ अंश तापते. थोडक्यात, भर दुपारी २८ ते ३३ अंश. या यंत्रणेकडून याहून अधिकाची अपेक्षा ठेवू नका.

मृगाच्या सुमारास हवा दमट झाली की हेच पॅड जवळपास निरुपयोगी होतात. बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तेव्हा चार-पाच अंशांच्या वर फरक पडत नाही. त्या दिवसांत बाजूचे पडदे आणि वरचे झरोके उघडून वाऱ्यावर भिस्त ठेवायची.

आता पाणी. १००० चौरस मीटर, सरासरी ४ मीटर उंची, म्हणजे आत ४००० घनमीटर हवा. ती दर मिनिटाला एकदा बदलावी लागते. ही हवा १५ अंशांनी गार करायला तासाला सुमारे १६०० लिटर पाणी उडतं. रोज आठ तास धरले तर जवळपास १३ हजार लिटर. शिवाय पॅडवर क्षार जमू नयेत म्हणून फिरत्या पाण्यातलं थोडं रोज बाहेर सोडावं लागतं, ते वेगळं.

पिकाला किती? काकडीची २२०० रोपं, दर रोपाला उन्हाळ्यात ३ लिटर, वर निचऱ्याचं पाणी धरून ८ ते ९ हजार लिटर. म्हणजे गारव्याचं पाणी पिकाच्या पाण्याहून जास्त झालं! ‘हायड्रोपोनिक्सला ९० टक्के कमी पाणी लागतं’ असं सांगितलं जातं तेव्हा हा खर्च त्यात बहुधा धरलेला नसतो.

वाटणी अशी करा: बोअरचं जड पाणी पॅडला, साठवलेलं पावसाचं पाणी खताच्या टाकीला. ४ लाख लिटरमध्ये उन्हाळ्यातले ४५-५० दिवस पिकाचं भागतं.

गारव्याचं पाणी नसेल तर? मग एप्रिल-मे युनिट बंद ठेवा. त्या काळात पाइप धुवा, पिशव्या बदला, सांगाड्याची डागडुजी करा. ऑक्टोबर ते मार्च नीट चाललेलं युनिट बारा महिने रडतखडत चाललेल्या युनिटपेक्षा जास्त पैसे ठेवून जातं. हे मी अगदी ठामपणे सांगेन.

सावधान: जड पाण्यावर फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारी यंत्रणा) लावू नका. नोझल्स चोंदतात आणि पानांवर क्षारांचे पांढरे डाग पडतात. फॉगर लावायचाच तर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यावर.

## टप्पा ३: पीक हंगामाला धरून ठरवा

लेट्युस, पाक चोय, सेलरी ही थंडीची पिकं. सोलापूर-मराठवाड्यात ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या. कडक उन्हाळ्यात लेट्युस कडू होतो, तुऱ्यावर येतो, आतल्या पानांच्या कडा जळतात.

उन्हाळ्यासाठी बिनबियांची काकडी, बेसिल, पुदिना, तांदुळजा, अंबाडी. कोथिंबिरीला मे महिन्यात भाव असतो आणि म्हणूनच मोह होतो, पण तीही उष्णतेत लगेच फुलावर येते. मुळांशी गारवा राखता येत असेल तरच तिच्याकडे वळा.

पहिलं पीक ऑक्टोबरच्या शेवटी लावा. यंत्रणा समजून घ्यायला चार-पाच थंड महिने मिळतात. फेब्रुवारीत सुरू करणारा माणूस शिकता शिकताच वैशाखात सापडतो.

पालेभाजीचा ग्राहक लागवडीआधी ठरवा. लेट्युस काढल्यावर गारव्याशिवाय दिवसभरही टिकत नाही आणि तालुक्याच्या आठवडी बाजारात तो कोणी घेणार नाही.

## टप्पा ४: पद्धत निवडा, आणि एनएफटीने सुरुवात करू नका

विक्रेते बहुतेक वेळा एनएफटीच दाखवतात: पांढऱ्या चॅनेलमधून पाण्याचा पातळ थर वाहतो, मुळं त्यात. दिसायला सुबक. पण चॅनेलमध्ये पाणी इतकं कमी असतं की ते झपाट्याने तापतं आणि पंप थांबला की उन्हाळ्यात अर्ध्या तासात मुळं सुकू लागतात.

पालेभाजीसाठी खोल पाण्याची हौदी पद्धत घ्या. २५-३० सेंटिमीटर खोल हौद, वर थर्मोकोलचे तरंगते ताट, खाली सतत हवा सोडणारा पंप. एवढं पाणी लवकर तापत नाही आणि वीज गेल्यावर काही तासांची मुदत मिळते.

काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरचीसाठी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ग्रोबॅग, म्हणजे पिशव्या, आणि ठिबक. आपल्या शेतकऱ्याला ठिबक हातच्या मळासारखं येतं, म्हणून ही पद्धत लवकर बसते. निचऱ्याचं पाणी परत न फिरवता वेगळं गोळा करा आणि शेवग्याला किंवा नेपियर गवताला द्या. खारटपणा साठत नाही आणि एका रोपाचा रोग सगळीकडे फिरत नाही.

मुळांच्या तापमानावर इतका भर का? २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. पाणी तापलं की मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो. त्यात मूळकूज घडवणाऱ्या पिथियम बुरशीच्या एका जातीला ३० ते ३५ अंशांचं पाणी फार मानवतं. पालेभाजीला पाणी १८ ते २४ अंश हवं. २८ च्या वर सलग काही दिवस राहिलं की मुळं तपकिरी पडायला लागतात.

खताची टाकी जमिनीखाली घ्या आणि झाका. पण एवढ्याने २२ अंश मिळणार नाहीत. आपल्या पट्ट्यात दोन-तीन मीटर खोलीवरची जमीनच २६-२७ अंशांची असते, बोअरचं पाणीही साधारण तेवढंच. त्याखाली न्यायचं तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतो. उन्हाळी लेट्युसचा खर्च मांडताना चिलर आणि त्याची वीज धरली नसेल, तर तो हिशेब अपुरा आहे.

## टप्पा ५: जागा, सांगाडा, वीज

पूर्वसंमती आधी. अनुदान घ्यायचं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खड्डासुद्धा खणू नका. आधी बांधून मग अर्ज केल्यास अनुदान बुडतं. तळेगाव दाभाडे इथल्या प्रशिक्षण संस्थेत हरितगृहाचे अभ्यासक्रम होतात. सांगाड्याची ऑर्डर देण्याआधी ते करा.

दिशा. गटर (छपराच्या पन्हळी) उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे त्यांची सावली दिवसभर सरकत राहते. वरचा झरोका वाऱ्याच्या पाठीला, आपल्याकडे बहुधा पूर्वेला उघडणारा. पॅड पश्चिमेला, पंखे पूर्वेला. पॅड आणि पंखे यांच्यात ४० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवलंत तर पंख्याकडच्या रांगांना गारवा पोहोचणार नाही.

आकार. मिनिटाला ४००० घनमीटर हवा ओढायला ५० इंची सहा पंखे लागतात. १०० मिलिमीटर जाडीचा पॅड सुमारे ५३ चौरस मीटर. कोटेशनमध्ये पॅड याहून बराच लहान असेल तर कारण विचारा. किंमत कमी दाखवायला कात्री बहुतेक इथेच लागते.

सावली. उष्णता आत येण्याआधी अडवायची, म्हणून सावलीची जाळी छपराच्या बाहेर. आत लावलेल्या जाळीने पिकावर सावली पडते, पण जाळी तापते आणि ती उष्णता आतच राहते. आत लावायचीच तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, ५० टक्क्यांची. हिरवी शेडनेट सर्वात स्वस्त, पण ती ऊन परतवण्याऐवजी स्वतः तापते. छपरावर चुना फवारणार असाल तर फेब्रुवारीअखेर फवारा आणि पावसाळ्याआधी धुऊन काढा, नाहीतर जूनमध्ये ढगाळ हवेत पीक उजेडाला तरसेल.

वारा. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसाआधी येणारी वावटळ प्लास्टिक फाडते. पश्चिमेला गजराज गवत किंवा शेवरीची ओळ आधीच्या पावसाळ्यातच लावा. ती सांगाड्याला चिकटून नको, नाहीतर पॅडची हवा अडेल.

वीज. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज चोवीस तास मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी वेळ दिवसपाळी-रात्रपाळीत बदलत राहते. हायड्रोपोनिक्सला ही वीज पुरत नाही. सहा पंखे आठ तास चालले की रोज ५० युनिटच्या आसपास वीज लागते. दुपारची सोय सौर पॅनेलवर चांगली होते, कारण कडक ऊन आणि गारव्याची गरज एकाच वेळी येतात. हवेचा पंप आणि ठिबकचा छोटा पंप मात्र इन्व्हर्टरवर ठेवा आणि जनरेटरमध्ये डिझेल भरलेलं असू द्या.

सावधान: पंखे बंद आणि पडदे बंद अशा स्थितीत हरितगृह काही मिनिटांत बाहेरच्याहून जास्त तापतं. पडदे हाताने गुंडाळता येतील अशीच रचना हवी, आणि वीज गेल्यावर मोबाईलवर घंटा वाजवणारं साधं यंत्र पहिल्या दिवसापासून.

## टप्पा ६: रोपांशिवाय आठवडाभर चालवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. सांगाडा झाला की रोपं आणायची घाई होते. पण सगळ्या चुका स्वस्तात सापडण्याची ही एकमेव वेळ आहे.

1. पंखे लावा आणि उदबत्ती पेटवून सगळ्या फटींपाशी धरा. धूर आत ओढला गेला तर तिथून गरम हवा येते आहे. ती फट बुजवा. हवा फक्त पॅडमधून आली पाहिजे.
2. दुपारी दोन वाजता तीन ठिकाणी तापमान मोजा: पॅडपाशी, मध्यावर, पंख्यापाशी. तापमापकाला ऊन लागू देऊ नका.
3. ठिबक दुपारी सुरू करून पहिल्या मिनिटाचं पाणी भांड्यात धरा. उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधलं (ठिबकच्या नळीतलं) पाणी हात पोळेल इतकं गरम निघतं, आणि तेच थेट मुळांवर जातं. लॅटरल पांढऱ्या कापडाखाली किंवा पिशव्यांच्या सावलीत घ्या.
4. रांगेच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकसारखे पेले ठेवून दहा मिनिटांचं पाणी मोजा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दाब सुधारा.
5. मेन स्विच पाडा. पर्यायी वीज किती मिनिटांत सुरू होते ते बघा. रात्री एकदा पुन्हा.

## टप्पा ७: द्रावण तयार करणं

### आधी आम्ल

बायकार्बोनेट ३०० पीपीएम असलेल्या पाण्यात खत टाकून काही उपयोग नाही. सामू चढत राहतो आणि लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. आम्लाने यातलं बहुतेक बायकार्बोनेट उडवून साधारण ६० पीपीएम शिल्लक ठेवायचं.

बाजारात फॉस्फोरिक आम्ल सहज मिळतं म्हणून लोक सगळं काम त्यानेच करतात. पण इतकं बायकार्बोनेट मारायला जेवढं फॉस्फोरिक लागतं, त्याने पाण्यात १२० पीपीएमच्या आसपास स्फुरद येतं, आणि पिकाला हवं ३०-४०. जास्तीचं स्फुरद कॅल्शियमसोबत खाली बसतं. म्हणून जड पाण्याला नायट्रिक आम्ल. त्यातून येणारं ५५ पीपीएमच्या आसपास नत्र हिशेबात धरायचं.

मात्रा पुस्तकातून घेऊ नका. २० लिटरच्या बादलीत थेंबाथेंबाने आम्ल घालून सामू ५.८ वर आणा, बादलीत हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून तासाभराने पुन्हा मोजा आणि त्यावरून टाकीचा हिशेब करा.

सावधान: आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, जागा उघडी हवी. मुलं आणि जनावरं लांब.

### मग खत

पालेभाजीसाठी १००० लिटर स्वच्छ, म्हणजे पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याला:

‘अ’ डबा, १० लिटर पाण्यात: कॅल्शियम नायट्रेट ६०० ग्रॅम, चिलेटेड लोह १२ टक्के २० ग्रॅम.

‘ब’ डबा, १० लिटर पाण्यात: १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३५० ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) १५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३०० ग्रॅम, बोरिक अॅसिड अडीच ग्रॅम, मँगनीज सल्फेट दीड ग्रॅम, झिंक सल्फेट अर्धा ग्रॅम, कॉपर सल्फेट ०.२ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट ०.१ ग्रॅम.

यातून ईसी साधारण १.३ ते १.४ येतो. थंडीत पालेभाजीला तो योग्य. काकडीला वाढीनुसार २ ते २.५ पर्यंत न्या.

बोअरचंच पाणी वापरणार असाल आणि त्यात कॅल्शियम ६० पीपीएम असेल, तर कॅल्शियम नायट्रेट ६०० ऐवजी ३०० ग्रॅमच टाका. कमी झालेलं नत्र नायट्रिक आम्लातून भरून निघतं, कॅल्शियम पाण्यातच आहे. मॅग्नेशियमचंही तसंच, अहवालात ३० पीपीएम दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट जवळजवळ लागत नाही.

इथे वारंवार होणाऱ्या चुका:

- ‘अ’ आणि ‘ब’ एकाच डब्यात मिसळणं. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम तयार होऊन तळाला बसतं, ड्रिपर चोंदतात. आधी पाण्याने भरलेल्या टाकीत ‘अ’, नीट ढवळून मग ‘ब’.
- नुसत्या १९:१९:१९ वर पीक घेणं. त्यात कॅल्शियम नाही आणि त्यातलं बरंच नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया ईसी मीटरला दिसत नाही आणि माती नसल्यामुळे पिकाला लवकर मिळत नाही.
- पीपीएम मीटरवर विसंबणं. एकच द्रावण एका मीटरवर ७०० आणि दुसऱ्यावर ९८० दाखवू शकतं, कारण गुणक वेगळे असतात. फक्त ईसी वापरा. आठवड्यातून एकदा १.४१३ च्या प्रमाणित द्रावणावर मीटर जुळवा, आणि सामूचं मीटर ७ व ४ च्या द्रावणांवर.

## टप्पा ८: कोकोपीट आणि रोपं

कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून तिचं पाणी मोजा. ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा. मग ५ किलोच्या विटेला साधारण १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक दिवस भिजवून पुन्हा एकदा धुवा. हे गाळलं तर कोकोपीट पहिले काही आठवडे कॅल्शियम स्वतः धरून ठेवतं आणि पोटॅश-सोडियम सोडत राहतं. नवी पानं वाकडी येतात.

लेट्युसचं बी उगवलं नाही की दोष बियाण्यावर जातो. खरं तर ३० अंशांच्या वर ते बी झोपूनच राहतं. ट्रे पहिले दोन-तीन दिवस घरातल्या गार खोलीत, २०-२४ अंशांत ठेवा आणि कोंब दिसताच उजेडात आणा. लेट्युसची रोपं तीन आठवड्यांत लावणीला येतात, काकडीची दहा-बारा दिवसांत. काकडीचं रोप ट्रेमध्ये थोरावू देऊ नका.

लावणी संध्याकाळी. पिशव्या आदल्या रात्रीच हलक्या द्रावणाने भिजवून ठेवा. काकडी चौरस मीटरला दोन-सव्वादोन रोपं, सुतळीवर एकच फांदी. बिनबियांच्या काकडीला परागीकरण लागत नाही, उलट मधमाशी आत शिरली तर फळं बेढब होतात. दुहेरी दार आणि ४० मेशची जाळी याहीसाठी लागते.

## टप्पा ९: रोजचं काम

वही ठेवा. सकाळी एकदा आणि दुपारी दोनला एकदा: हवा, मुळांशी तापमान, टाकीचा ईसी आणि सामू, निचऱ्याचा ईसी, निचऱ्याचं प्रमाण.

हौदात उन्हाळ्यात पीक खतापेक्षा पाणी जास्त ओढतं, त्यामुळे ईसी आपोआप चढतो. टाकी कमी झाली की पुन्हा तेच द्रावण ओतायची सवय घातक आहे. ईसी चढला असेल तर साधं पाणी भरा. एप्रिल-मेमध्ये पालेभाजीचा ईसी १ च्या आसपासच ठेवा.

पिशव्यांत सूर्य उगवल्यावर तासाभराने पहिली पाळी, मावळण्याआधी तासभर शेवटची. दर पाळीला रोपामागे १०० ते १५० मिलिलिटर, भर उन्हाळ्यात दिवसाला पंचवीस-तीस पाळ्या. निचरा २० ते ३० टक्के यायलाच हवा. निचऱ्याचा ईसी दिलेल्या द्रावणापेक्षा १ ने वर गेला तर पाळ्या वाढवा. मे महिन्यात रात्री एक पाळी द्यायला हरकत नाही.

दुपारी रोप मलूल दिसलं की लगेच पाणी वाढवू नका. आधी मुळं बघा. मुळं पांढरी आणि पिशवी कोरडी असेल तर पाणी कमी आहे. मुळं तपकिरी, चिकट, वास येणारी आणि पिशवी ओली असेल तर मूळकूज आहे. ते रोप पिशवीसकट बाहेर काढा आणि पाणी कुठे तापतंय ते शोधा.

गरम कोरड्या हवेत लाल कोळी आणि फुलकिडे सर्वात आधी येतात, तेही पंख्याकडच्या गरम कोपऱ्यात. तिथल्या पानांच्या मागची बाजू रोज भिंगाने पाहा. पिवळे-निळे चिकट सापळे लावा, ते भरले की बदला.

### उष्णतेची लाट येणार असेल तर

- आदल्या दिवशी टाक्या भरा, जनरेटर चालवून बघा.
- पंखे आणि पॅड सकाळी आत ३० अंश होण्याआधी सुरू करा. एकदा हरितगृह तापलं की ते लवकर उतरत नाही.
- बाहेरची सावली सकाळीच ओढा.
- फवारणी, छाटणी, लावणी त्या दिवशी नाही. तोडणी उजाडताच करून माल सावलीत हलवा.
- संध्याकाळी पॅडचा पंप आधी बंद करा आणि पंखे पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून पॅड सुकवा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

## टप्पा १०: पीक संपल्यावर

मुळांसकट सगळं बाहेर काढा आणि हरितगृहापासून लांब कंपोस्ट करा. हौद, पाइप, टाक्या घासून धुवा, सोडियम हायपोक्लोराईटच्या हलक्या द्रावणाने भरून काही तास ठेवा आणि साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या. आम्लाचा डबा त्या वेळी जवळपासही नको. हायपोक्लोराईट आणि आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ड्रिपरमधले क्षार काढायला आम्लाचं पाणी सोडायचं ते वेगळ्या दिवशी, लाइन पूर्ण धुतल्यावर.

पॅडवर पांढरा थर दिसला तर मऊ ब्रशने वरून खाली घासा आणि पुढच्या हंगामात रोज सोडायचं पाणी वाढवा. मूळकूज झाली असेल तर कोकोपीट पुन्हा वापरू नका. आणि बोअरचा पुढचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पावसाळ्यानंतरचा अहवाल हाती आल्याशिवाय बियाण्याची ऑर्डर देऊ नका.